अध्यक्षबाईंच्या यकृताचा ठराव

अध्यक्षबाई शिंकल्या तर समोरच्यानं "अनुमोदन" म्हणायचं, अशी आमच्याकडे रीतच पडून गेली होती. कुणी म्हणेल, हा चिटणीस फेकतोय. फेकत नाही. मी स्वतः तीन शिंकांना अनुमोदन दिलेलं आहे, आणि चौथ्या वेळी ती शिंक होती की खोकला यावरून सभेत दोन तट पडून चहा गार झालेला आहे. असली बाई जयपुरात सोडा, अख्ख्या राजपुतान्यात झाली नसेल. राजेरजवाडे झाले म्हणा, पण त्यांना घटना नव्हती.

आमचं जयपूरचं मंडळ म्हणजे शास्त्रीनगरातल्या दोन खोल्या. रेल्वेतून बदली होऊन आलेली माणसं, कॉलेजांत शिकवणारे, दवाखान्यांतले डॉक्टर आणि माझ्यासारखे टेलिफोन खात्यातले चुकार. या सगळ्यांच्या डोक्यावर एकोणीस वर्षं अध्यक्षबाई होत्या. बिनविरोध, म्हणजे विरोध भरपूर असूनही बिनविरोध. मूळच्या मिरजेच्या. मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. उंची टाचा वर करून पाच फूट, आणि आवाज असा की त्यांनी शास्त्रीनगरात "शांतता!" म्हटलं की वैशालीनगरात स्कूटर बंद पडत. त्यांचं खरं नाव मंडळाच्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. भाजीवालासुद्धा "अध्यक्षजी" म्हणे.

बाईंना कोणतीही गोष्ट एकटीनं करता येत नसे. ती आधी मांडावी लागे. यजमान होते तेव्हा बाई सकाळी सहाला म्हणत, "चहा करावा असं मी सुचवते," आणि यजमान रजईतून एक हात बाहेर काढून अनुमोदन देत. फार सज्जन माणूस. तीस वर्षांत त्यांनी एकदाही उपसूचना मांडली नाही. ते गेले आणि त्या घरात प्रस्ताव उरले, अनुमोदक उरला नाही. मुलगा बंगळुरात. मग बाई कामवाल्या संतोषला विचारू लागल्या, "संतोष, आज दुधी करावा का?" संतोष म्हणे, "आपकी मरजी, बाईसा." बाईंना हे उत्तर अजिबात आवडत नसे. "मरजी काय मरजी? हो म्हण नाहीतर नाही म्हण. तटस्थ राहू नकोस."

एकदा मंडळाची सहल सांगानेरला नेली होती, कापडावर ठशांची छपाई बघायला. कारागिरानं लाकडी ठसा रंगात बुडवला, कापडावर धरला आणि सहज विचारलं, "बाईसा, हाथी छापूँ या फूल?" झालं. बाईंनी तिथेच सभा भरवली. बावीस बायकांचं मतदान, फेरमोजणी, "मोर का नाही?" अशी एक उपसूचना, तिच्यावर चर्चा. तो बिचारा हातात ठसा धरून उभा. "बाईसा, रंग सूख जाएगा," म्हणाला. बाई म्हणाल्या, "सूखने दीजिए भैया, लोकशाही है." शेवटी हत्ती एका मतानं निवडून आला. तोवर रंग खरंच सुकला होता, आणि त्या माणसानं त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला प्रश्न विचारणं सोडलं म्हणतात.

आता विरोधी पक्षनेते. मेश्रामसाहेब, नागपूरचे, रेल्वेत सिग्नल खात्यात मोठे अधिकारी. ताठ माणूस. शर्टाच्या खिशात मंडळाच्या घटनेची प्रत, घडीवर घडी पडून पापडासारखी झालेली. बाईंनी म्हणावं आज रविवार आहे, की मेश्रामसाहेब उठलेच. "बाई, माझा विरोध नोंदवून घ्या. विरोध व्यक्तीला नाही, ठरावाला आहे." त्यांच्या मागे चार जण पक्के. गणपतीत नाटक नको, वादविवाद स्पर्धा घ्या, हा ठराव त्यांनी इतक्या वेळा आणला की शेवटी बाईंनी घटनेत सतरावं कलमच घातलं: फेटाळलेला ठराव सहा महिने पुन्हा मांडता येणार नाही. मेश्रामसाहेबांनी त्या कलमालाही विरोध नोंदवला आणि मग ते पाठ करून टाकलं.

दोन हजार सहा-सात सालची गोष्ट असेल. ऐन उन्हाळ्यात सभा चालू असताना बाईंचं पोट असं काही आवळून आलं की त्यांनी घंटी वाजवली, "सभा तहकूब" म्हणाल्या आणि खुर्चीतच कलंडल्या. तहकूब आधी, कलंडणं नंतर. हा क्रम मी डोळ्यांनी पाहिलाय. दवाखान्यात कळलं, मोठ्या आतड्यात गाठ आहे आणि वाट पूर्ण बंद झाली आहे. त्याच संध्याकाळी डॉक्टर बंटीनं ऑपरेशन करून ती काढली. बाईंना विचारायला सवड नव्हती. गाठ कर्करोगाची निघाली, आणि पुढच्या तपासण्यांत दिसलं की तिची तीन पिल्लं यकृताच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आहेत.

डॉक्टर बंटी म्हणजे आमच्याच मंडळातलं पोर. जयपुरात जन्मला, जयपुरात वाढला, दिल्लीला जाऊन सर्जन होऊन परत आला. अंगावर पांढरा कोट आला तरी मंडळात तो बंटीच. लहानपणी गणपतीच्या नाटकात बाईंनी त्याला मावळा केला होता. वाक्य एकच होतं, "महाराज, शत्रू पळाला." ऐन प्रयोगात बंटी भाल्यासकट पुढे आला आणि म्हणाला, "महाराज, वो भाग गया." त्या दिवसापासून बाईंचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "ज्याला तीन शब्द लक्षात राहिले नाहीत," त्या मला म्हणाल्या, "त्याच्या लक्षात राहील का, माझ्या पोटात कुठून शिरला आणि कुठून बाहेर यायचंय?"

आधी औषधं दिली, सलाइनमधून, दर दोन आठवड्यांनी. त्यातल्या एका औषधाचा गुण असा की थंड वस्तूला हात लागला की बोटांत सुया टोचतात. हिवाळा सुरू झालेला, आणि जयपूरचा हिवाळा म्हणजे लोखंडी फाटकाला हात लावला तर फाटकच ओरडतं. बाई लोकरीचे लाल हातमोजे घालून फ्रिजमधून दूध काढत, लाल हातमोजे घालून सभेत घंटी वाजवत. पितळी घंटी लोकरीत गुदमरून "थप्" असा आवाज करी. मेश्रामसाहेबांनी लगेच हरकत घेतली की घंटी ऐकू येत नसेल तर सभेला सुरुवात झाली असं मानता येणार नाही. पुढच्या सभेला मात्र त्यांनीच शाळेतली एक मोठी घंटा आणून निमूटपणे टेबलावर ठेवली.

डिसेंबर संपता संपता बंटीनं नवे फोटो पाहिले. मी बाईंना स्कूटरवर घेऊन गेलो होतो, त्यामुळे हे सगळं माझ्यासमोर झालं.

"मतलब मावशी, गाठी छोट्या झाल्यात. आता काढायचा टाइम आहे. राइटवालं लिव्हर पूर्ण काढायचं. लेफ्टवालं राहतं ना, ते वाढतं. लिव्हर वापस येतं."

"पस्तीस वर्षं मी मुलींना बेडकाचं यकृत दाखवलं, बंटी. एकही वापस आलेलं नाही."

"बेडूक मेलेला होता ना मावशी."

बाईंनी बेडूक मागे घेतला. मग त्यांनी विचारलं, "नाही काढलं तर?"

"तर औषधं चालू ठेवायची. काही महिने. नशीब असलं तर वर्ष, दोन वर्षं."

"काढलं तर बरी होईन?"

बंटीनं पेन टेबलावर ठेवलं. "होऊ शकता. नाही पण होऊ शकत. ऑपरेशन मोठं आहे, टेबलावर पण काही होऊ शकतं. मी तुम्हाला खोटं नाही सांगणार. तुम्ही ठरवा, मावशी. पण एक महिन्यात. उससे जादा नहीं."

बाहेर येऊन बाईंनी माझ्या मोबाइलवरून मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, तू ठरवशील ते." बाईंनी मोबाइल मला परत दिला, स्कूटरवर मागे बसल्या, आणि अर्ध्या रस्त्यात माझ्या कानामागे म्हणाल्या, "चिटणीस, रविवारी कार्यकारिणी बोलवा."

विषयपत्रिका त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिली. एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दोन, हळदीकुंकवाचा दिवस. तीन, तिळगूळ समारंभात कवींनी प्रत्येकी किती कविता म्हणाव्यात. चार, अध्यक्षांच्या यकृताची शस्त्रक्रिया करण्यास मंजुरी देणे. पाच, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

मी म्हटलं, "बाई, चौथा विषय…"

"का? यकृत कार्यकारिणीच्या कक्षेत येत नाही?"

"तसं नाही, पण हे तुमचं तुम्ही…"

"आतड्याच्या वेळी मला कुणी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या. "किती बरं झालं होतं."

मी विषयपत्रिकेच्या अकरा प्रती काढल्या आणि दारोदार वाटल्या. आता आमच्या मंडळाचं एक गुपित सांगतो, जे जगातल्या सगळ्या मंडळांचं आहे: विषयपत्रिका कुणीही वाचत नाही. घेतात, "हो हो, रविवारी येतो" म्हणतात आणि तिच्यात तिळाच्या वड्या बांधतात. मला वाटलं, निदान या वेळी वाचतील. म्हणजे तेव्हा मी किती भाबडा होतो बघा, आणि तो मी, ज्याला बायको लबाडांचा सरदार म्हणते.

रविवारी चार वाजता सभा. हळदीकुंकू शांततेत पार पडलं. कवितांवर मात्र पानिपत झालं. बाईंचं म्हणणं एक कवी एक कविता. मेश्रामसाहेबांचं म्हणणं, कवीला आकड्यात बांधणं हे अभिव्यक्तीवर बंधन. चाळीस मिनिटं! एका कवीनं उपोषणाची धमकी दिली आणि समोरची वडी खाऊन ती मागे घेतली. शेवटी बाईंचा ठराव पास झाला आणि मेश्रामसाहेबांची पाच माणसं तोंडं फुगवून बसली. आता जे काही येईल ते पाडायचं, हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं.

"विषय चार," बाई म्हणाल्या. "मजकूर सर्वांकडे आहेच. चर्चा?"

कुणी बोललं नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्या टेबलाकडे पाहत होत्या.

"मतदान. बाजूने?"

माझा हात धरून पाच हात वर गेले. बाकीचे चार सवयीनं.

"विरोधात?"

पाच हात. तेही सवयीनं.

अकरावं मत बाईंचं. घटनेप्रमाणे समसमान झालं की अध्यक्षांना निर्णायक मत असतं. हातमोज्यातला तो लाल हात टेबलावर होता. चार बोटं उचलायची होती, बस्स. मी आयुष्यात कुणाच्या हाताकडे इतका वेळ पाहिलेलं नाही, लग्नात बायकोच्याही नाही.

"स्वतःच्या विषयात अध्यक्षांनी मत देऊ नये असा संकेत आहे," बाई म्हणाल्या. "समसमान मतं, ठराव नामंजूर. विषय पाच."

पाचव्या विषयात कुणीतरी सतरंज्यांबद्दल बोललं. मग चहा आला. मेश्रामसाहेबांनी पहिला घोट घेतला, जरा निवळले आणि मला म्हणाले, "चार नंबर काय होता बावा?"

"बाईंचं लिव्हर," मी म्हटलं.

कप बशीवर उतरला नाही. वरही गेला नाही. मध्येच कुठेतरी थांबला. "काय म्हणून राहिले तुम्ही?" मग त्यांनी खिशातून घडी घातलेली विषयपत्रिका काढली, त्या खोलीत तरी पहिल्यांदा, आणि वाचली. त्यांच्या मागे बसलेल्या चौघांनी वाचली. बाजूनं हात वर करणाऱ्या चौघांनीही वाचली. दोन खोल्यांत अशी शांतता पसरली की खालच्या दुकानातल्या कढईतला कचोरीचा बुडबुडा ऐकू यावा. बाई घंटा पिशवीत घालून जिना उतरून गेल्या होत्या.

त्यानंतरचे दोन दिवस बाईंच्या घरी नुसती रांग. सगळ्यांचं एकच, बाई, चूक झाली, माफ करा, ऑपरेशन करा. बाईंचंही एकच: "ठराव म्हणजे ठराव. सहा महिन्यांनी पुन्हा मांडा." बंटी दवाखान्यातून तसाच धावत आला. "व्होटिंग? मावशी, लिव्हर का व्होटिंग?" तो जवळजवळ रडायला आला होता. "सहा महिने नाहीयेत आपल्याकडे!" बाई म्हणाल्या, "मराठीत बोल." त्यानं मराठीत तेच सांगितलं. फरक पडला नाही.

सगळे गेल्यावर मी थांबलो. म्हटलं, "बाई, कागदाचा खेळ पुरे आता. तुम्ही मत दिलं असतं तर झालं असतं."

बाईंनी हातमोजे काढले, मांडीवर ठेवले, एकावर एक. "चिटणीस, मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "हो म्हटलं आणि टेबलावरच राहिले, तर ते माझ्या हो म्हणण्यानं. नाही म्हटलं आणि वर्षात संपले, तर तेही माझ्याच. हे गेल्यापासून मी एकटीनं काही ठरवलेलं नाही. जमतच नाही. डॉक्टर म्हणतो तुम्ही ठरवा, मुलगा म्हणतो तू ठरव. कुणीतरी माझ्या वाटचं ठरवा ना."

मी राईचा पर्वत करणारा माणूस आहे, हे आतापर्यंत कळलंच असेल. पण हे बोलणं मी होतं तेवढंच लिहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेश्रामसाहेब माझ्या दारात. दाढी केलेली नाही, हातात घटना. बसलेसुद्धा नाहीत. "कलम सतरा. फेटाळलेला ठराव सहा महिने येत नाही. म्हणजे ऑपरेशन करावं, हा येत नाही. बरोबर? पण ऑपरेशन करू नये, हा कुठं फेटाळला? तो तर आलाच नाही कधी!"

मी डोकं खाजवलं.

"अहो, तो मांडायचा. आणि पाडायचा. करू नये हे पडलं, म्हणजे करावं लागते. बाईला बोलायला जागाच नाही."

त्या क्षणी तो माणूस मला साक्षात बृहस्पती दिसला. मी म्हटलं, "कोण मांडणार?"

"मी. माझ्याशिवाय कोण मांडते विरोधाचं? पण अनुमोदक लागते."

आणि इथे घोडं अडलं. बाईंचं ऑपरेशन होऊ नये, या ठरावाखाली सही कोण करणार? ज्या ज्या घरी गेलो तिथे माणसं एकदम गावाला गेलेली. एकाला तर मी खिडकीतून सोफ्यावर पाहिलं आणि त्याची बायको दारात म्हणाली, अकोल्याला गेलेत. शेवटी सही मी केली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "काही बरंवाईट झालं तर लोक हा कागद दाखवतील." मी जेवलो नाही त्या दिवशी. म्हणजे दोनच पोळ्या खाल्ल्या.

विशेष सभा शुक्रवारी चारला. कार्यकारिणी अकराची, पण माणसं जिन्यापर्यंत. साठ तरी असतील. बायको म्हणते पंचवीस, पण ती जिन्यात नव्हती. बंटी खास निमंत्रित, पायात ऑपरेशन थिएटरच्या चपला. आधी त्याला प्रश्न विचारायची मुभा दिली, ही बाईंची चूक झाली.

"वापस येतं म्हणजे किती येतं? आधीच्यापेक्षा मोठं तर नाही ना?"

"नाही काका, जेवढं पाहिजे तेवढंच."

"कुठं थांबायचं ते त्याला कोण सांगतं?"

"कोणी नाही सांगत. त्याला समजतं."

"बाईंचं लिव्हर आहे," मागून कुणीतरी म्हणालं, "आधी नोटीस काढेल."

हशा झाला. बाईंनी घंटा वाजवली. "प्रस्तावकांनी बाजू मांडावी."

मेश्रामसाहेब दचकले. त्यांना वाटलं होतं मांडला, पाडला, चहा. पण बाई नियमावर बोट ठेवून बसलेल्या. मग ते उठले, आणि तुम्हाला सांगतो, वादविवादात हाडाचा माणूस, खोटं भाषण करताच येईना. सुरुवात केली अडखळत, पण तीन वाक्यांत गाडी रुळावर आली. "बाई पासष्टीच्या आहेत. एक मोठं ऑपरेशन झालं, सहा महिने औषधं झाली. त्यांना दुखून राहिलं. त्या सांगत नाहीत, पण घंटा उचलताना आपण पाहतो. पुन्हा पोट फाडायचं, अर्धं लिव्हर काढायचं, आणि हमी काय? काही नाही. आहेत ते दिवस त्यांनी आपल्या खुर्चीत, आपल्यासोबत काढावेत, असं वाटणं काय चुकीचं आहे? आपण आपल्या स्वार्थासाठी त्यांना टेबलावर पाठवून राहिलो का?"

लोकांच्या माना हलायला लागल्या. अहो, ठराव पास होतोय! बंटीनं माझा दंड धरला. मेश्रामसाहेबांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई त्यांच्याकडे पाहत होत्या, हातमोज्यातले हात एकमेकांत घालून, वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीसारख्या, अगदी लक्ष देऊन.

"त्यामुळे…" मेश्रामसाहेब म्हणाले. "त्यामुळे माझं म्हणणं असं…" आणि पुढे काही आलंच नाही. वीस वर्षांत त्या माणसानं एकही भाषण अर्धं सोडलेलं नव्हतं. "नाही होत बाई माझ्याच्यानं," म्हणाले आणि बसले.

"मतदान," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "ठरावाच्या बाजूने?"

कुणी नाही.

"विरोधात?"

पहिला हात मेश्रामसाहेबांचा. मग माझा. मग दहाच्या दहा, मग जिन्यातले सगळे. बंटीनं दोन्ही हात वर केले.

"प्रेक्षकांनी हात खाली घ्यावेत," बाई म्हणाल्या. "निमंत्रितांनीही. ठराव एकमतानं फेटाळला आहे. प्रस्तावक आणि अनुमोदकांसह." मग त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. बराच वेळ पुसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आभारप्रदर्शन राहून गेलं आणि कुणीही हरकत घेतली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात आमचे चाळीस जण. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "किसके साथ हो?" मी म्हटलं, "अध्यक्षजी के साथ." तो ताडकन सावध झाला. कोणत्या पक्षाचे अध्यक्ष, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही, आणि मी सांगितलं नाही. अर्ध्या तासात आम्हाला खुर्च्या आल्या, पाणी आलं. दुपारपर्यंत दोन अनोळखी माणसं झेंडूचे हार घेऊन आली आणि "अध्यक्षजी की तबीयत कैसी है?" विचारत आमच्यातच बसली. त्यातला एक तर माझ्याकडे पुतण्याच्या नोकरीचा अर्ज देऊन गेला. सात तास चाललं ऑपरेशन. मेश्रामसाहेब सातही तास भिंतीला पाठ न टेकता उभे होते. संध्याकाळी बंटी बाहेर आला, टोपी हातात, डोळे लाल. आमच्याकडे बघून त्यानं श्वास घेतला आणि म्हणाला, "झालं. मावशी ठीक आहेत." मराठीत म्हणाला, न चुकता.

दोन-अडीच महिन्यांनी फोटो काढला तर उरलेलं यकृत फुगून चांगलं ऐसपैस झालेलं. बाई तो फोटो घेऊन सभेत आल्या आणि सर्वांना फिरवला. "या मंडळात ठराव न करता कुणी काम केल्याचं हे पहिलंच उदाहरण," म्हणाल्या. मेश्रामसाहेब उठून म्हणाले, "बाई, अभिनंदनाला माझा विरोध आहे, अजून ते पूर्ण वाढलेलं नाही." पुढची तीन वर्षं दोघं कडाकडा भांडले. त्या वर्षी गणपतीत वादविवाद स्पर्धा झाली. ठराव बाईंनीच आणला होता.

चौथ्या हिवाळ्यात दुखणं परत आलं, आणि होळीच्या आधी बाई गेल्या. पण मला त्या शेवटच्या दिसतात त्या जानेवारीतल्या, वैशालीनगरच्या भाजीबाजारात. मटारचा ढीग होता, त्या वाकून शेंगा निवडत होत्या. मी "काय बाई!" म्हणून हाक मारली. वर न बघता म्हणाल्या, "चिटणीस, परत आलंय. या वेळी फुप्फुसात पण."

माझ्या तोंडून निघून गेलं, "रविवारी कार्यकारिणी बोलावतो."

"नको. ठरलंय माझं. आता कापाकापी नाही, औषधं नाहीत. बंटीला सांगूनच आले. लहान मुलासारखा रडला तो."

"कधी ठरवलंत?"

"आज सकाळी. पोळ्या लाटताना."

"कुणाला विचारलंत?"

"कुणालाच नाही." आणि माझ्याकडे पाहून हसल्या. पहिल्यांदाच एकट्यानं मोठा रस्ता ओलांडलेलं पोर पलीकडून बघतं ना, तशा. बाईंनी शेंगा पिशवीत भरल्या, एक फ्लॉवर उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलून पिशवीत टाकला. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या," म्हणाल्या, "जड नाही."

पिशवी चांगली जड होती. दोन पावलं गेल्या की खांदा कलायचा, आणि त्या तो पुन्हा सरळ करायच्या.